बायोलॉजीचा पेपर सुटल्यावरची चर्चा

बायोलॉजीचा पेपर सुटला की वर्गाबाहेर "ए, चौथ्याचं काय लिहिलंस?" सुरू होतं आणि लगेच कोणीतरी म्हणतं जाऊ दे ना, झाला तो झाला, पण मला ती चर्चा मनापासून आवडते. मॅथ्समध्ये उत्तर जुळलं की विषय संपला, इथे मात्र कारण सांगावं लागतं. आता हेच बघा, 'सर्व धमन्यांमधून ऑक्सिजनयुक्त रक्त वाहतं, चूक की बरोबर', अर्धा वर्ग बरोबर म्हणतो, मग एक जण प्रश्नपत्रिकेच्या मागे पेनने हृदय काढतो, उजव्या निलयातून, म्हणजे खालच्या उजव्या कप्प्यातून, बाण फुप्फुसाकडे नेतो आणि विचारतो, ही पण धमनीच ना, मग हे रक्त अजून फुप्फुसात पोचलंच नाहीये तर ऑक्सिजन येणार कुठून? झालं, सगळे गप्प. हे असं समजलेलं कधी विसरत नाही.

हां, कोणी रडवेलं उभं असेल तर त्याच्यासमोर मार्क मोजत बसू नका, पुढचा पेपर त्यालाही द्यायचाय.

मायटोसिस-मिओसिस या पेशी विभाजनाच्या दोन प्रकारांवर तर हमखास भांडण. 46 गुणसूत्रांच्या पेशीपासून 46-46 च्या 2 पेशी की 23-23 च्या 4, प्रश्नात कुठलं विभाजन विचारलंय ते परत वाचल्याशिवाय मिटतच नाही. पण एका ग्लुकोजपासून एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा देणारे रेणू, किती यावर प्लीज भांडू नका, जुन्या पुस्तकांत 36 किंवा 38 असायचे, आता साधारण 30 ते 32 धरतात, पेपरात आपल्या पुस्तकातलाच आकडा लिहायचा.