गहू जोमात, दाणा पोचट

२०२३ च्या मार्चमध्ये वाळवा तालुक्यातल्या एका गावात माझ्याकडे गव्हाचा पीक कापणी प्रयोग होता, म्हणजे शेतातला ठरावीक तुकडा कापून उतारा मोजायचा. कृष्णाकाठचं काळंभोर रान, पाण्याला कमी नाही. तात्यांनी गहू असा आणला होता की बांधावरून बघणाऱ्यानं डोळे झाकून चांगला उतारा सांगावा. फुटवे भरपूर, ओंब्या लांब. दोरी लावून प्लॉट आखला, कापला, तिथंच बडवून उफणला. काट्यावर ठेवला तेव्हा ढिगाच्या मानानं वजनच भरेना.

मी एक ओंबी तळहातावर चोळून फुंकली. दाणे होते, पण सुरकुतलेले. मधली खाच खोल गेलेली, पोटं आत ओढलेली. रोग नाही, कीड नाही.

तात्यांचा मुलगा म्हणाला, "मॅडम, परवाच मोबाइलवर बघितलं. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला की पिकं जोमात येत्यात. ते तर झाडाचं अन्नच हाय. मग आपला फायदाच की. हे असं कसं झालं?"

त्याला उडवून लावणं बरोबर नव्हतं, कारण यातलं अर्धं खरं आहे. १९५८ साली हवाईतल्या मौना लोआवर नियमित मोजणी सुरू झाली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत हा वायू साधारण ३१५ भाग होता; आज तो ४२० च्या वर आहे. तो वाढला की गहू, सोयाबीन, भात, द्राक्ष यांची पानं जास्त अन्न तयार करतात. शिवाय पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, थोडी मिटून राहतात, म्हणून पाणीही वाचतं. गेल्या काही दशकांत उपग्रहांना पृथ्वी जास्त हिरवी दिसते, त्यात याचा मोठा वाटा आहे. हे शेतकऱ्यापासून लपवू नये, असं माझं ठाम मत आहे.

पण हाच वायू उष्णताही अडवून धरतो. २०२३ चा फेब्रुवारी कमाल तापमानाच्या सरासरीत देशात १९०१ पासूनचा सर्वांत तापलेला ठरला. तात्यांचं सोयाबीन उशिरा निघालं, गव्हाची पेर डिसेंबरात गेली आणि चिकातला, म्हणजे अजून भरत असलेला, दाणा नेमका त्या उन्हात सापडला. ऊन वाढलं की गहू घाईनं पिकतो, दाणा भरायचे दिवसच कमी होतात. रात्रीही उबदार राहिल्या तर दिवसभर कमावलेल्या अन्नातलं बरंचसं श्वसनातच खर्च होतं. काड वाढलं ते थंडीत, म्हणून जोमात. दाण्याची वेळ आली आणि थंडी संपली.

"मग उसाला तरी?" पोरानं शेजारच्या खोडव्याकडं बोट केलं.

उसाला तर या वायूचा फायदा त्याहून कमी. हा वायू पानात एकवटून घ्यायची सोय त्याच्याकडं मुळातच असते. हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात उसाच्या पानावरच ती उलगडून दाखवली. पाण्याचा ताण असेल तेव्हा उसाला थोडी मदत होते, एरवी फारशी नाही. आणि ऊस हवेतून ओढतो तो कर्ब साठून राहतो म्हणावं, तर तोडणीनंतर पाचटाला काडी लावली की त्यातला बराचसा तासाभरात परत हवेत. पाचट कुजवा, हे मी प्रत्येक बैठकीत सांगते.

तात्यांना एवढंच हवं होतं, की पुढच्या साली करायचं काय. लवकर निघणारं सोयाबीन आणि गव्हाची पेर नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, असं ठरलं. उशीर झालाच, तर उशिरा पेरायचा वाण.

चहा घेऊन आलेल्या काकी सगळं ऐकत होत्या. मी सांगत होते की उघड्या शेतात हा वायू सोडून केलेल्या प्रयोगांत गव्हा-भाताच्या दाण्यातली प्रथिनं, लोह आणि जस्त कमी झालेलं दिसलं.

"म्हंजे पोळ्या तेवढ्याच खायच्या आन् अंगाला कमी लागायच्या?"

"हो काकी, तसंच."

"आन् भाकरी?"

ज्वारी उसाच्याच पद्धतीनं हा वायू घेते, म्हणून तिच्यात ही घट फारच कमी. तेवढं सांगितलं, तर काकी तात्यांकडं वळून म्हणाल्या, "माळाच्या तुकड्यात औंदा शाळू टाका."