पॅनकेक फुगेपर्यंत

मुलीने वाढदिवसाच्या सकाळी पॅनकेक मागितले. चित्रात दिसतात तसे, बोटभर जाड, काट्याने दाबले की पुन्हा वर येणारे. तोवर मी केलेले पॅनकेक चपटे व्हायचे, थोडे चिवट, आणि मधोमध ओलसर. वाढदिवसाला पाच आठवडे होते. दर रविवारी करून बघायचे असं ठरवलं आणि एक वही घेतली. याआधी मी प्रत्येक वेळी नवी कृती शोधायचे, त्यामुळे काय चुकतंय ते कळायचंच नाही. या वेळी कृती एकच ठेवली आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची असं ठरवलं.

पहिल्या रविवारी संशय बेकिंग पावडरवर होता. डबा उघडून किती महिने झाले ते आठवत नव्हतं. अर्धी वाटी गरम पाण्यात अर्धा छोटा चमचा पावडर टाकली. दोन-चार बुडबुडे आले आणि पाणी शांत झालं. नवा डबा आणून तेच केलं तर पाणी फसफसून वर आलं. इतके दिवस मी मेलेल्या पावडरीकडून पीठ फुगण्याची अपेक्षा करत होते.

मग ती पावडर म्हणजे नेमकं काय, हे वाचून काढलं. त्यात खायचा सोडा असतो, कोरड्या रूपातलं आम्ल असतं आणि दमटपणा शोषून घ्यायला कॉर्नस्टार्च असतो. पाणी लागलं की सोडा आणि आम्ल भेटतात आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. डब्यात ओला चमचा गेला किंवा झाकण सैल राहिलं तर ही भेट डब्यातच होऊन जाते. इंग्लंडमधल्या आल्फ्रेड बर्ड यांनी 1843 मध्ये अशी पावडर बनवली, कारण त्यांच्या पत्नीला यीस्ट सोसत नव्हतं. कुणा एकीला पाव खाता यावा म्हणून झालेली ही खटपट वाचून मला फार बरं वाटलं. हल्लीच्या बहुतेक पावडरी दोनदा काम करतात. थोडा वायू पीठ भिजवताना सुटतो, उरलेला तव्याची आच लागल्यावर.

त्याच दिवशी पावडर दुप्पट घालूनही बघितली. पॅनकेक तव्यावर झरझर फुगले आणि ताटात येईतो बसले. शिवाय जिभेवर कडवट चव राहिली. वायू जास्त झाला की शेजारचे बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि फुटतात. एक कप मैद्याला एक छोटा चमचा पावडर पुरते, हे तेव्हापासून वहीत अधोरेखित आहे.

दुसरा रविवार सगळ्यात महत्त्वाचा ठरला. बदल होता फक्त कालवण्यात. पिठात एकही गुठळी राहू द्यायची नाही ही माझ्या हाताची जुनी सवय. मी मिश्रण रेशमासारखं होईपर्यंत फेटायचे आणि त्या गुळगुळीतपणाचं मला समाधान वाटायचं. चिवटपणा तिथूनच येत होता. मैद्याला पाणी लागलं की त्यातली प्रथिनं एकत्र येऊन ग्लुटेन तयार होतं, आणि जितकं ढवळावं तितकी त्याची जाळी घट्ट होते. पावाला ती जाळी हवी असते, पॅनकेकला अगदी थोडी. वर फेटण्यात सुरुवातीला सुटलेला वायूही निघून जातो.

म्हणून कोरडे जिन्नस एका भांड्यात, ओले दुसऱ्यात, आणि मग ओलं कोरड्यात ओतून चमच्याने तळापासून वर उचलायचं, असं केलं. मी मोजून बारा-पंधरा वेळा उचललं. कोरडं पीठ दिसेनासं झालं त्या क्षणी थांबले. भांड्यात हरभऱ्याएवढ्या गुठळ्या स्पष्ट दिसत होत्या आणि हात पुन्हा चमच्याकडे जात होता. मी भांड्यावर ताट झाकलं आणि दहा मिनिटं स्वयंपाकघरातून बाहेर गेले. परत आले तेव्हा मिश्रण दाट झालं होतं, वर बारीक बुडबुडे आले होते आणि बऱ्याच गुठळ्या आपोआप विरघळल्या होत्या. पीठ या वेळात पाणी पिऊन घेतं आणि तयार झालेलं ग्लुटेनही सैलावतं. उरलेल्या गुठळ्या तव्यावर गेल्या, खाताना एकही सापडली नाही. त्या दिवशी पहिल्यांदा पॅनकेक मऊ झाले. साहित्य आदल्या रविवारचंच होतं, ढवळणं तेवढं कमी झालं होतं.

मिश्रण एकदा मुरलं की पुन्हा ढवळायचं नाही. पळीने कडेकडेने अलगद घ्यायचं. आणि दहा मिनिटांच्या ऐवजी तासभर ठेवलं तर काय होतं तेही मी बघितलं. पॅनकेक निम्मेच फुगले.

तिसऱ्या रविवारी दुधाऐवजी दाट, आंबट ताक घेतलं. ताकात लॅक्टिक आम्ल असतं, त्यामुळे पावडरीबरोबर थोडा सोडाही घालता येतो आणि फुगायला आणखी बळ मिळतं. सोड्यामुळे रंगही खरपूस येतो. सोडा जास्त पडला तर मात्र साबणासारखी चव लागते, म्हणून सव्वा कप ताकाला पाव छोटा चमचा, एवढंच. थोडा आंबटपणा मागे राहतो आणि मला तो आवडतो. दुसरा फायदा म्हणजे मिश्रण जाडसर राहतं आणि तव्यावर पसरत नाही. पळीतून सरसर धार न पडता गोळ्यागोळ्याने पडायला हवं. पातळ मिश्रण कितीही फुगलं तरी आडवंच फुगतं.

याच सुमारास अंड्याचं पांढरं वेगळं फेटूनही करून पाहिलं. पिवळ्याचा थेंबही आत गेला तर पांढरं नीट फेसाळत नाही, कारण त्यातली चरबी आड येते. फेस मिश्रणात अलगद मिसळला की पॅनकेक ढगासारखे होतात. उंची खरोखर सुंदर येते. पण ते मंद आचेवर झाकण ठेवून बराच वेळ सांभाळावे लागतात आणि ताटात आल्यावर पाहता पाहता खाली बसतात. दोन माणसांसाठी मी तसे जरूर करेन. घरभर माणसं जेवायला बसणार असतील तर नाही. अंडं अजिबात न घालताही एकदा केले. मऊ झाले, पण उंची कमी आली, कारण वायूने फुगलेला आकार धरून ठेवायला अंड्यातली प्रथिनं मोठी मदत करतात.

चौथा रविवार तव्याचा. माझा पहिला पॅनकेक नेहमी पांढुरका आणि तिसरा-चौथा काळा व्हायचा. तवा नीट न तापताच मी सुरुवात करायचे आणि मग घाईने आच वाढवायचे. आता जाड बुडाचा तवा मध्यमपेक्षा जरा कमी आचेवर पाच मिनिटं ठेवते. मग पाण्याचा थेंब टाकून बघते. थेंब बसल्या जागी हळूहळू आटला तर तवा अजून थंड. तडतडत, नाचत दोन-तीन सेकंदांत नाहीसा झाला तर बरोबर. पाऱ्याच्या गोळीसारखा अख्खा घरंगळत राहिला तर तवा फार तापला, कारण त्या उष्णतेला थेंबाखाली वाफेची गादी तयार होते आणि थेंब तव्याला टेकतच नाही. योहान लायडनफ्रॉस्ट या जर्मन वैद्याने 1756 मध्ये हे लिहून ठेवलं आणि आजही त्याला त्यांचंच नाव आहे. थर्मामीटर असेल तर 190 अंश सेल्सिअसच्या आसपास हवं. नॉनस्टिक तवा असेल तर तो रिकामा फार वेळ तापवू नये.

तव्यावर लोणी सोडत होते तेही बंद केलं. लोण्यातला दुधाचा अंश लवकर जळतो आणि पॅनकेकवर काळे ठिपके उमटतात. आता तेलाचे चार थेंब टाकून ते कागदाने पुसून घेते. तेलाचा नुसता हात राहिला की रंग एकसारखा, सोनेरी येतो. ज्यांना जाळीदार, कुरकुरीत कडा हव्यात त्यांनी तूप-तेल सढळ हाताने सोडावं.

उलटण्याची वेळ घड्याळावर ठरत नाही. वर बुडबुडे दिसले म्हणून मी पूर्वी लगेच उलथनं घालायचे. तेव्हा वरचं मिश्रण ओलंच असतं, ते बाजूला सांडतं आणि उंची जाते. आता बुडबुडे फुटून त्यांची छिद्रं न बुजता तशीच उघडी राहू लागेपर्यंत थांबते. कडेची ओली चकाकीही गेलेली असते. एकदाच उलटायचं. दुसरी बाजू पहिल्यापेक्षा लवकर होते. आणि उलटल्यावर उलथन्याने दाबायचं नाही. इतका वेळ सांभाळलेली हवा एका दाबात निघून जाते. त्या रविवारी मुलगी शेजारी उभी होती आणि उलटल्यावर पॅनकेक मधून वर उचलला गेला तो क्षण तिने पाहिला. “आई, श्वास घेतला बघ त्याने!” ती म्हणाली. मला तितकं नेमकं सांगता आलं नसतं.

वहीतलं शेवटचं प्रमाण असं उतरलं. दीड कप मैदा, म्हणजे साधारण 190 ग्रॅम. बेकिंग पावडर दीड छोटा चमचा, सोडा पाव छोटा चमचा, मीठ अर्धा छोटा चमचा, साखर एक मोठा चमचा. सव्वा कप दाट ताक, एक अंडं, आणि 30 ग्रॅम लोणी वितळवून कोमट केलेलं. ताक आणि अंडं फ्रीजमधून आधी काढून ठेवावं, नाहीतर लोणी गारव्याने थिजून त्याचे कण होतात. एकदा माझे झाले होते.

वाढदिवसाच्या सकाळी एकच नवी अडचण आली. सगळ्यांना एकदम वाढायचं म्हणून केलेले पॅनकेक एकावर एक रचले आणि खालचे वाफेने दमट झाले. पुढचे मग जाळीवर एका थरात ठेवून 90-100 अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवले आणि ते शेवटपर्यंत चांगले राहिले. रास रचली ती थेट तिच्या ताटात. सहा पॅनकेक, वर लोण्याचा तुकडा. तिने काट्याची पाठ वरच्या पॅनकेकवर दाबली, सोडली, आणि तो वर आला. तिने पुन्हा दाबून पाहिलं.

उरलेले चार गार झाल्यावर मध्ये बटर पेपर घालून फ्रीझरमध्ये ठेवले. शाळेच्या दिवशी टोस्टरमध्ये थेट टाकले की बाहेरून किंचित कुरकुरीत होतात, आतून तसेच मऊ.