इस्ला दे फ्लोरेसवरचे ढोल : फेब्रुवारीतलं मॉन्टेव्हिडिओ

दक्षिण अमेरिकेतला कार्निव्हल म्हटला की आपल्याकडे रिओचंच नाव निघतं. उरुग्वेची राजधानी मॉन्टेव्हिडिओ कुणाच्या बोलण्यात येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. इथला कार्निव्हल जानेवारीच्या अखेरीस शहराच्या मुख्य हमरस्त्यावरच्या मिरवणुकीने सुरू होतो आणि जवळजवळ ४० दिवस चालतो. जगातला सगळ्यांत लांबलेला कार्निव्हल आमचाच, असं उरुग्वेकर अभिमानाने सांगतात. तिकडे हा भर उन्हाळा असतो. शाळांना सुट्ट्या लागलेल्या असतात, संध्याकाळ आठ वाजेपर्यंत रेंगाळते आणि बगलेत गरम पाण्याचा थर्मास, हातात माते चहाचं भांडं घेऊन सगळं शहर रस्त्यावर येतं.

मी पोचले ती २ फेब्रुवारीच्या आधी. तो समुद्रदेवता येमांजाचा दिवस. प्लाया रामिरेस या किनाऱ्यावर दुपारपासूनच पांढऱ्या कपड्यांतली माणसं जमू लागतात. तसं पाहिलं तर हा किनारा समुद्राचा नाही, नदीचा. पण ला प्लाता इतकी रुंद आहे की पैलतीर दिसतच नाही. लोक वाळूत लहान खड्डे करून त्यांत मेणबत्त्या लावतात आणि निळ्या-पांढऱ्या होड्यांत फुलं, कलिंगडं, मक्याचे दाणे, अत्तराच्या बाटल्या ठेवून त्या पाण्यात सोडतात. होडी लाटेबरोबर परत आली तर एखादा माणूस कमरेएवढ्या पाण्यात शिरून तिला पुन्हा आत ढकलतो.

उरुग्वे हा कमालीचा धर्मनिरपेक्ष देश आहे. चर्च आणि सरकार शंभर वर्षांपूर्वीच वेगळे झाले आणि ईस्टरच्या आठवड्याला सरकारी कॅलेंडरात ‘पर्यटन सप्ताह’ म्हणतात. त्याच देशाच्या राजधानीत आफ्रिकेतून गुलामांबरोबर आलेली आणि ब्राझीलमार्गे इथे पोचलेली ही देवी हजारोंची गर्दी खेचते. माझ्या शेजारी बसलेल्या आजींनी मला विचारलंसुद्धा नाही की मी कोण, कुठली. फक्त एक मेणबत्ती हातात दिली आणि म्हणाल्या, “वारा आहे, खड्डा खोल कर.”

किनाऱ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर पालेर्मो आणि बारिओ सूर हे दोन जुने मोहल्ले आहेत. मी मुख्यतः त्यांच्यासाठीच आले होते. अठराव्या शतकात मॉन्टेव्हिडिओच्या बंदरात आफ्रिकेतून माणसं आणून विकली जात. गुलामगिरी कायद्याने संपली १८४२ मध्ये. त्या माणसांची लेकरं-नातवंडं याच भागात, चाळींमध्ये राहू लागली. मधोमध चौक, भोवती खोल्या, चौकात धुणी. बायका श्रीमंतांचे कपडे धुवायच्या आणि रिकाम्या वेळी त्याच चौकात ढोल वाजायचे. या वादनाला, नाचाला आणि त्याभोवतीच्या सगळ्या जगण्याला कांदोंबे म्हणतात.

त्यातली सगळ्यांत प्रसिद्ध चाळ मेदिओमुंदो, क्वारेइम रस्त्यावरची. १९७८ मध्ये लष्करी राजवटीने ती धोकादायक ठरवून रिकामी करवली आणि जमीनदोस्त केली. त्याआधी, ३ डिसेंबरला, रहिवाशांनी चौकात शेवटचे ढोल वाजवले. पालेर्मोतल्या आन्सिना वस्तीवरही लगोलग तीच पाळी आली. कुटुंबं शहरभर विखुरली. लष्करशहांना वाटलं असेल की भिंती पाडल्या की आवाजही संपेल. पण माणसं सणावाराला परत येत राहिली आणि आपल्याच जुन्या रस्त्यांवर वाजवत राहिली. २००६ पासून ३ डिसेंबर हा कायद्याने राष्ट्रीय कांदोंबे दिन आहे, आणि २००९ मध्ये युनेस्कोने कांदोंबेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. मला त्या यादीपेक्षा ते परत येत राहणं मोठं वाटतं.

फेब्रुवारीत दोन रात्री इस्ला दे फ्लोरेस या अरुंद रस्त्यावरून ‘शामादास’ची मिरवणूक निघते. शामादास म्हणजे हाका. एकेका वस्तीचे ढोल दुसऱ्या वस्तीला हाक घालत, त्यावरून हे नाव. १९५६ पासून ती अधिकृत स्पर्धा झाली. चाळीसहून अधिक पथकं येतात, त्यांना कोंपार्सा म्हणतात. रस्त्याच्या कडेच्या खुर्च्यांना तिकीट असतं. मी तिकीट काढलं होतं, पण खरा आनंद मिळाला तो मिरवणुकीआधी आडव्या गल्ल्यांत. तिथे रस्त्यावरच पुठ्ठे आणि लाकडं पेटवून शेकोटी केलेली असते आणि तिच्याभोवती तोंडं आगीकडे करून ढोल मांडलेले असतात. चामडं खिळ्यांनी ठोकलेलं, त्यामुळे ताण आणायला आगच लागते. गावाकडे हलगी शेकतात, अगदी तसंच. एकजण बोटाने टिचकी मारून आवाज ऐकत होता, ढोल इंचभर मागे घेत होता, पुन्हा टिचकी. मी जवळ उभी राहिले तर त्याने दुसरा ढोल माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, “वाजव. कुठे बसतोय ते तुझं तुलाच कळेल.”

ढोल तीन प्रकारचे. चिको सगळ्यांत लहान, त्याचा आवाज टोकदार, आणि तो एकच बोल अखंड वाजवतो. पियानो सगळ्यांत मोठा, पोटात घुमणारा. मधला रेपीके मोकळा असतो. तो मध्येच उसळतो, सवाल करतो, इतरांना चढवतो. प्रत्येकजण एका हातात काठी घेतो आणि दुसरा हात उघडाच चामड्यावर मारतो. बऱ्याच जणांच्या बोटांना चिकटपट्ट्या होत्या. सुरुवातीला सगळे काठीने ढोलाच्या लाकडी अंगावर ताल धरतात, टक् टक्, आणि मग एका क्षणी चामडी बोलायला लागतात. साठ-साठ ढोल रांगा धरून, छोटी छोटी पावलं टाकत अंगावर येतात तेव्हा तो आवाज आधी छातीला कळतो, मग कानाला.

ढोलांच्या पुढे झेंडे, काठीवर उंचावलेले चंद्र आणि तारे, पिसांच्या मुकुटातल्या नर्तकी. कॅमेरे सगळे नर्तकींवर असतात. पण तुम्ही ‘मामा व्हिएहा’कडे बघा, छत्री आणि पंखा घेऊन घेरदार झग्यात नाचणारी म्हातारी. तिच्यासोबत ‘ग्रामिशेरो’, म्हणजे जडीबुटीवाला वैद्य: उंच टोपी, पांढरी दाढी, हातात पेटी, थरथरत्या पायांनी नाचत तो तिच्याशी प्रेम करत असतो. आणि लहानसा झाडू अंगाखांद्यावरून फिरवणारा ‘एस्कोबेरो’. ही पात्रं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. माझ्यासमोर एक मामा व्हिएहा थांबली, शेजारच्या पोराच्या गालाला हात लावला आणि पुढे गेली. तिचं वय सत्तरीच्या पुढचं नक्की होतं.

कार्निव्हलची दुसरी बाजू ‘मुर्गा’, म्हणजे उपरोधिक गाण्यांचं रंगमंचावरचं नाट्य. रंगवलेले चेहरे, भडक कपडे, सामूहिक गाणं, साथीला फक्त बास ड्रम, साइड ड्रम आणि झांजा. वर्षभरातल्या राजकारणाची आणि पुढाऱ्यांची गाण्यातून झडती. स्पेनमधल्या कादिसहून ही परंपरा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली आणि हुकूमशाहीच्या काळात सेन्सॉरच्या कात्रीखालूनही टिकली. स्पर्धा पार्के रोदोजवळच्या तेआत्रो दे व्हेरानो या खुल्या नाट्यगृहात होते. स्पॅनिश कच्चं असेल तर विनोद निसटतात, माझेही बरेच निसटले. पण निरोपाचं शेवटचं गाणं सुरू झालं की प्रेक्षकही गातात, आणि तिथे भाषेवाचून काही अडत नाही.

जाणार असाल तर शामादासच्या तारखा आधी बघून घ्या आणि हाताशी एक-दोन दिवस जास्तीचे ठेवा, कारण पाऊस आला की मिरवणूक पुढे ढकलतात. ओल्या चामड्यावर ढोल वाजत नाही. बंदराजवळचं कार्निव्हल संग्रहालय त्या रिकाम्या दिवशी बघून होईल. फेब्रुवारी जमत नसेल तर ३ डिसेंबर गाठा. तेही नाही जमलं, तर वर्षातल्या कुठल्याही रविवारी संध्याकाळी बारिओ सूर किंवा पालेर्मोत जा. तिकीट नाही, पिसं नाहीत, परीक्षक नाहीत. कोपऱ्यावर शेकोटी दिसली की तिथे थांबा आणि ढोल निघाले की त्यांच्या मागे चालू लागा. मोहल्ल्यातले सगळे तसेच चालतात.