इलेक्ट्रिक कार्ट: वेग सोपा, ऊन अवघड

कार्ट म्हणजे शर्यतीची बुटकी, उघडी चारचाकी. ४८ व्होल्टची, ५ किलोवॅट मोटरची कार्ट ताशी साठ किलोमीटरला नेणं ही आता फार मोठी गोष्ट राहिलेली नाही. हिशेब दोन ओळींचा आहे. मागचं टायर ११ इंची, म्हणजे एका फेऱ्यात साधारण ८८ सेंटिमीटर अंतर. मोटर ३५०० आरपीएमची, तिच्यावरचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) १२ दात्यांचं, ॲक्सलवरचं ३६ दात्यांचं. ॲक्सल मिनिटाला ११६७ फेरे घेतो आणि वेग निघतो ६१. कार्टची खास २१९ नंबरची चेन शोधत बसू नका. मोटरसायकलची ४२८ चेन थोडी जड असते, पण तालुक्याच्या दुकानातही मिळते; स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी तुटली तरी सकाळी गाडी उभी राहते. स्प्रॉकेट आणि ॲक्सलवरचा हब संभाजीनगरच्या वाळूज किंवा चिकलठाणा एमआयडीसीतला कुठलाही बरा लेथवाला करून देईल.

घोडं अडतं ते मे महिन्यात. परभणी-नांदेडला पारा ४३ वर गेलेला असतो, डांबर त्याहून कितीतरी तापलेलं, आणि मोटर त्या डांबरापासून वीतभर वर बसलेली. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. वाइंडिंग (मोटरमधली तांब्याची गुंडाळी) २५ वरून १०५ अंशांवर गेलं की रोध ३१ टक्क्यांनी वाढलेला असतो, म्हणजे तेवढ्याच करंटला तेवढीच जास्त उष्णता. त्यात निओडिमियमचं चुंबक तापलं की ढिलं पडतं, मग तोच टॉर्क काढायला करंट आणखी लागतो. हे चक्र एकदा सुरू झालं की सातव्या-आठव्या लॅपला कंट्रोलर, म्हणजे मोटरला करंट मोजून देणारं यंत्र, स्वतःला वाचवायला पॉवर कापतो. चालकाला वाटतं बॅटरी संपली. पिटमध्ये येऊन बघावं तर बॅटरीत निम्मा चार्ज शिल्लक. म्हणून कार्ट मंदावली की आधी कंट्रोलरच्या हीटसिंकचं (उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या पंखांचं) तापमान बघायचं, बॅटरी नंतर.

हीटसिंकचे पंख वाऱ्याच्या दिशेला उभे हवेत. कंट्रोलर सीटच्या मागे लपवला की वारा चालकाच्या पाठीवर अडतो आणि हीटसिंकला काहीच मिळत नाही. आणि आपली काळी माती! सुकली की पिठासारखी उडते, पंखांत बसते. वर चेनचं वंगण पडलं की तिचा लेप होतो. दर सत्रानंतर कोरड्या ब्रशने झाडायचं. धुण्याच्या प्रेशर पंपाने नाही, कारण त्या धारेचं पाणी केबलच्या ग्लँडमधून (केबल शिरते तिथल्या सीलमधून) आत घुसतं आणि महिनाभराने कनेक्टर हिरवा पडलेला सापडतो.

आता चार्जिंग. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेलला चार्जिंगसाठी साधारण ४५ अंशांची मर्यादा असते, डिस्चार्जसाठी ६० ची. हा फरक बरेचजण वाचत नाहीत. पळून आलेला बॅटरी पॅक ५५ वर असतो. तो ४५ च्या खाली यायची वाट बघायची, पण हवाच ४३ ची. थंड होऊन होऊन होणार किती? दुपारच्या दोन हीट्सच्या (छोट्या शर्यतींच्या) मध्ये तास ठेवला तरी चार्जर लागत नाही. बरा बीएमएस (बॅटरीवर नजर ठेवणारं सर्किट) असेल तर तो नकार देतो. स्वस्तातला असेल तर मुकाट चार्ज करू देतो आणि वर्षभरात सेल फुगतात.

यावरचा उपाय घराघरात आहे: वाळ्याच्या ताट्यांचा कूलर. आपला उन्हाळा कोरडा असतो, म्हणून कूलरची हवा तिशीच्या आसपास येते. कोकणात हीच युक्ती फसेल. पॅकला ॲल्युमिनियमची बंद पेटी करायची, सेलच्या बाजूंना थर्मल पॅड लावून उष्णता पेटीच्या भिंतीपर्यंत आणायची, आणि कूलरचा झोत पेटीच्या बाहेरून मारायचा. उघड्या पॅकवर दमट हवा सोडली की बस बार (सेल जोडणाऱ्या पट्ट्या) आणि सेन्सिंगच्या बारीक वायरी गंजायला लागतात. जून लागला, हवा ओलसर झाली की कूलरचं पाणी बंद, नुसता पंखा.

पॅक किती मोठा? १६ एलएफपी सेल सिरीजमध्ये, ४० अँपिअर-अवरचे: ५१.२ व्होल्ट, साधारण २ युनिट, वजन पेटीसकट २० किलोच्या आसपास. त्यातले ८० टक्के वापरायचे म्हटले तर १.६ युनिट. सरासरी ४ किलोवॅट ओढले तर २४ मिनिटं. पंधरा मिनिटांच्या हीटला पुरेसं आहे. तासाभराच्या एन्ड्युरन्स शर्यतीला नाही, आणि पॅक दुप्पट करून प्रश्न सुटत नाही, कारण कार्टला वजन सोसत नाही.

सोसत का नाही, तर कार्टला सस्पेन्शन नाही आणि डिफरेन्शियलही नाही, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात. वळणावर आतलं मागचं चाक किंचित उचललं गेलं तरच गाडी वळते, आणि ते उचलायचं काम पुढचा कास्टर (पुढची चाकं ज्या खिळीवर वळतात तिचा मागे झुकाव) आणि फ्रेमचा पीळ मिळून करतात. नवी टीम नेमकी इथे चुकते. बॅटरीची दणकट पेटी दोन लांब पाइपांवर चार बोल्टांनी कसून बसवतात. फ्रेम पीळच घेत नाही, आतलं चाक जमिनीला चिकटून राहतं, गाडी नाकासमोर सरळ जाते. मग टो (पुढच्या चाकांचा आत-बाहेर कोन) आणि टायरच्या हवेशी खेळण्यात दोन दिवस जातात. पेटी तीन ठिकाणी, रबरी बुशवर बसवा. तपासायची पद्धत सोपी: पुढच्या एका चाकाखाली ५० मिलिमीटरचा ठोकळा ठेवा, पेटी असताना आणि नसताना मागची चाकं किती उचलतात ते मोजा. फरक जास्त दिसला तर दोष पेटीच्या बैठकीत. सस्पेन्शन नसल्याचा दुसरा मार सेल जोडणाऱ्या निकेल पट्टीच्या वेल्डवर पडतो. हादऱ्याने वेल्ड सुटतात, म्हणून दंडगोल सेलपेक्षा बोल्टचे प्रिझमॅटिक (चौकोनी) सेल बरे. तेही दाबून धरणाऱ्या प्लेट्समध्ये.

रीजनबद्दल (ब्रेक लावताना मोटरने वीज परत बॅटरीत भरण्याबद्दल) जेवढं बोललं जातं तेवढं ते कार्टमध्ये कामाचं नाही. ते फक्त मागच्या ॲक्सलवर येतं. जोरात लावलं तर मागचं टोक फिरतं. शिवाय पूर्ण चार्ज पॅकवर पहिल्याच लॅपला रीजन आलं की व्होल्टेज वर चढतं, बीएमएस तोडतो, आणि तुटलेल्या सर्किटमधला झटका कंट्रोलरचे मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) उडवतो. पॅक ९० टक्क्यांवरच थांबवा, किंवा पहिले दोन लॅप रीजन शून्यावर ठेवा.

वायरिंगमध्ये दोन गोष्टींवर तडजोड नको. कंट्रोलरच्या आत मोठे कपॅसिटर असतात. प्रीचार्ज न करता, म्हणजे ते आधी रेझिस्टरमधून हळू न भरता, कॉन्टॅक्टर (मुख्य स्विच) ओढला की ठिणगी पडते आणि एके दिवशी कॉन्टॅक्ट चिकटून बसतात. मग इमर्जन्सी स्विच दाबूनही गाडी बंद होत नाही. १०० ओहम, २५ वॅटचा रेझिस्टर आणि ५००० मायक्रोफॅरड धरले तर अडीच सेकंदांत कपॅसिटर भरतो, त्यानंतरच कॉन्टॅक्टर. दुसरं, घरातली एमसीबी इथे चालत नाही. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून आर्क (स्विच उघडताना पेटणारी ठिणगी) विझतो. डीसीत तो शून्य येतच नाही. डीसीचा फ्यूज घ्या, पॅकच्या टर्मिनलला जमेल तितका जवळ.

रेसिंगचं म्हणाल तर कार्टची इंजिनं बनवणाऱ्या रोटॅक्स कंपनीने २०१८ मध्ये ब्राझीलच्या ग्रँड फायनल्समध्ये इलेक्ट्रिक कार्ट उतरवल्या, तरी १२५ सीसी टू-स्ट्रोकची सद्दी अजून संपलेली नाही. पेट्रोलची टाकी मिनिटभरात भरते, त्याला तोड नाही. आपल्याकडे इलेक्ट्रिकचं चांगलं जमेल ते भाड्याच्या ट्रॅकवर. दहा मिनिटांच्या फेरीला पाऊण युनिटाच्या आत वीज, कार्बोरेटर नाही, ऑइल बदलणं नाही, शेडमध्ये धूर नाही, आणि लहान मूल बसलं की कंट्रोलरमधूनच वेग कमी करता येतो. संभाजीनगरात तसा ट्रॅक टाकायचा तर मीटरची चौकशी जागेच्याही आधी करा. दहा कार्टना एकेक किलोवॅटचे चार्जर म्हणजे १० किलोवॅट, सिंगल फेजवर ते होणार नाही. थ्री-फेज घेतल्यावर चार्जर ४-३-३ असे वाटा. सगळे एकाच फेजवर टाकले तर न्यूट्रल तापतो, आणि संध्याकाळी नेमक्या गर्दीच्या वेळी शेड अंधारात जातं.