टेसरॅक्ट ५ चं पॅकेज घरीच बांधलं तेव्हा

जुन्या दिवाळी अंकांची पानं स्कॅन करून त्यांतला मजकूर काढायचं काम मी डेबियन ११ या लिनक्स प्रणालीवर करत होतो. तिथे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या टेसरॅक्ट या प्रोग्रॅमची ४.१.१ आवृत्ती मिळते. ३० नोव्हेंबर २०२१ ला टेसरॅक्ट ५ आलं आणि त्यात अक्षरओळखीची गणितं 'डबल' या मोठ्या अंकप्रकाराऐवजी 'फ्लोट' या लहान प्रकारात होऊ लागली. मेमरी कमी लागते, वेगही वाढतो. अंकामागून अंक उपसायचे असतील तर हे फार मोलाचं. पण डेबियनच्या स्थिर आवृत्तीत अशी मोठी उडी मधेच मिळत नाही, म्हणून ५.३.० आपणच बांधायचं ठरवलं.

सोर्स, म्हणजे मूळ कोड, उतरवून थेट 'मेक इन्स्टॉल' या आज्ञेने बसवता येतं, पण मला ते पटत नाही. फायली 'लोकल'मध्ये जाऊन पडतात, पॅकेजेसची नोंद ठेवणाऱ्या डीपीकेजीला त्यांचा पत्ताच नसतो, आणि पुढे कोणता प्रोग्रॅम कोणती लायब्ररी (अनेक प्रोग्रॅमना वापरता येणारा सामायिक कोड) उचलतोय ते कळेनासं होतं. म्हणून 'ॲप्ट सोर्स' या आज्ञेने जुन्या पॅकेजचा सोर्स आणला, 'बिल्ड-डेप'ने लागणारं सगळं बसवलं आणि पॅकेज कसं बांधायचं ते सांगणारं जुनं 'डेबियन' फोल्डर नव्या सोर्समध्ये ठेवलं. जुने पॅच, म्हणजे सोर्समध्ये केलेले छोटे बदल, एकेक करून तपासले.

खरा विचार लागला तो लायब्ररीच्या नावाला. आवृत्ती ५ मध्ये लायब्ररीचा क्रमांक ४ वरून ५ होतो. नवी लायब्ररी 'लिबटेसरॅक्ट४' याच नावाच्या पॅकेजात घातली असती, तर जुनी फाइल गेली असती आणि तिच्यावर चालणारा जीइमेजरीडर हा दुसरा प्रोग्रॅम उघडलाच नसता. पॅकेजची नावं लिहिलेल्या कंट्रोल फाइलमध्ये आणि इन्स्टॉलच्या यादीत नाव 'लिबटेसरॅक्ट५' केलं, की दोन्ही लायब्ररी शेजारी शेजारी नांदतात.

डेटाच्या फोल्डरचं मात्र उलट. तिथे ४.०० च्या जागी ५ लिहायचा मोह होतो. पण मराठी अक्षरं ओळखायला लागणारी प्रशिक्षित फाइल वेगळ्या पॅकेजातून येते आणि डेबियन ११ मध्ये ती '४.००' फोल्डरातच बसते. आवृत्ती ४ चा तो डेटा ५ ला चालतो. त्यामुळे तो मार्ग मी जसाच्या तसा ठेवला.

आवृत्तीचा क्रमांक दिला '५.३.०-१~घरचं१'. त्यातलं ते नागमोडी चिन्ह सोडू नये. डीपीकेजी त्याला काहीच नसण्यापेक्षाही खालचं मानतो, म्हणजे माझं पॅकेज अधिकृत ५.३.०-१ च्याही एक पायरी खाली राहतं आणि अधिकृत आलं की तेच वरचं ठरतं.

बिल्ड झाल्यावर पॅकेजमधल्या चुका शोधणाऱ्या लिंटियनच्या सूचना वाचल्या, पॅकेजेस बसवली आणि एक डागाळलेलं पान 'मार' (मराठी) भाषा देऊन चालवलं. जोडाक्षरं नीट आली. जीइमेजरीडरही उघडून पाहिला, तो पूर्वीसारखाच चालू होता.

जून २०२३ मध्ये डेबियन १२ आलं. अपग्रेड करताना ॲप्टने माझं पॅकेज काही न विचारता बाजूला केलं आणि अधिकृत ५.३.०-२ बसवलं. मराठीचा डेटाही त्याच खेपेत '५' नावाच्या फोल्डरात गेला.