नर्स बायकोसोबतचा डिपेंडंट व्हिसा वाढवताना: अर्धं काम गावातच असतं

बायकोचा व्हिसा हॉस्पिटलनं वाढवला म्हणजे आपलाही वाढला, असं आमच्या दारव्हा तालुक्यात बरेच जण धरून चालतात. तसं होत नाही. ब्रिटनच्या हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसात नवरा, मुलगा, मुलगी अशा प्रत्येकाचा अर्ज वेगळा, फी वेगळी आणि निर्णयही वेगळा. हॉस्पिटल फक्त तिला नवीन सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप देतं, म्हणजे सीओएस, तिला कामावर ठेवत असल्याची हॉस्पिटलची नोंद. हॉस्पिटल तेच आणि पदही तेच असलं तरी मुदतवाढीला सीओएस नवीनच लागतं. त्यावरच्या काम सुरू होण्याच्या तारखेच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी तिला अर्ज करता येतो. आमच्याकडे मी आणि मुलगी असे दोन डिपेंडंट. तिघांचेही अर्ज आम्ही एकाच दिवशी भरले.

डिपेंडंटला नंतरही, आपला व्हिसा संपायच्या आत, अर्ज करता येतो. पण एकत्र भरण्याचं खरं कारण मुलांच्या तारखेत आहे. आईबापांपैकी ज्याची मुदत आधी संपते, त्याच तारखेपर्यंत मुलाला व्हिसा मिळतो. आईचा तीन वर्षांनी वाढला, बापाचा अर्ज राहून गेला आणि मुलाचा मात्र भरला, तर मुलाला बापाची जुनी, जवळची तारीख मिळते. पूर्ण फी भरून हातात थोडेच महिने येतात आणि पुन्हा अर्ज करावा लागतो.

आता गावाकडची कागदं. सगळ्यात जास्त वेळ इथंच जातो, म्हणून व्हिसा संपायच्या सहा महिने आधी सुरुवात करा. आमचा फेब्रुवारीत संपणार होता, म्हणून सोयाबीन काढणीला गावी आलो तेव्हाच ही कामं उरकली.

पहिलं काम नावांचं. तिच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव, लग्नाच्या दाखल्यावर सासरचं, मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचं नुसतंच नाव, अशी तऱ्हा आपल्याकडे घरोघरी असते. त्यात आडनावातला 'ऊ' एका कागदावर इंग्रजी 'यू'नं लिहिलेला, दुसऱ्यावर दोन 'ओ'नं. पासपोर्टवरचं स्पेलिंग प्रमाण माना आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवा. माहेरचं-सासरचं नाव वेगळं असणं अडचणीचं नाही; फॉर्ममध्ये आणखी कोणत्या नावांनी ओळखले जाता हा प्रश्न असतो, तिथं दुसरं नाव लिहायचं. अडचण होते ती स्पेलिंगच्या चुकीची, कारण त्यानं ही व्यक्ती तीच का, हा प्रश्न उभा राहतो. जन्मनोंदीतली चूक जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 च्या कलम 15 खाली निबंधकाकडे दुरुस्त होते. गावातली नोंद असेल तर ग्रामसेवकाकडे, दवाखाना शहरातला असेल तर तिथल्या नगरपरिषदेकडे जा. मुलाच्या दाखल्यावर नावाचा रकाना कोरा असेल, तर तो आताच भरून घ्या. बाळंतपण झाल्या झाल्या दाखला काढलेल्या बऱ्याच घरांत तो कोराच राहिलेला दिसतो.

लग्नाचा दाखला ग्रामपंचायतीचा चालतो. महाराष्ट्राच्या 1998 च्या विवाह नोंदणी कायद्याखाली दिलेला तो अधिकृत दाखला आहे. लग्नपत्रिका किंवा मंगल कार्यालयाची पावती त्याच्या जागी लावू नका. नोंदणीच केली नसेल तर नवरा-बायको दोघं आणि तीन साक्षीदार लागतात, आणि बायको परदेशात असली की हे काम अडून बसतं. जुना हाती लिहिलेला दाखला असेल, शिक्का पुसट असेल, तर नवी प्रत मागा. जावक क्रमांक, तारीख आणि गोल शिक्का स्कॅनमध्ये स्वच्छ वाचता आला पाहिजे.

दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. त्यावर हे मूळ कागदाचं अचूक भाषांतर आहे असं विधान, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही आणि संपर्क पाहिजे. तालुक्याच्या टायपिंगवाल्याकडून नुसतं टाइप करून आणलेलं भाषांतर म्हणूनच कमी पडतं. आमच्याकडे एका एजंटनं दाखल्यावर अपॉस्टिल, म्हणजे परदेशासाठीचं सरकारी साक्षांकन, करून घ्यावंच लागेल असं सांगून पैसे मागितले होते. या अर्जाला अपॉस्टिल लागत नाही. आखाती देशांच्या कामाला कागद साक्षांकित करावे लागतात, तेच हे एजंट सरसकट सगळ्यांनाच सांगतात.

पासपोर्टचं गणित मुलांसाठी वेगळं आहे. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, त्यामुळे मुदतवाढीच्या आसपास तो संपायला आलेला असतो. पासपोर्ट आधी संपतो म्हणून ब्रिटन व्हिसाची मुदत कापत नाही, पण अर्जाच्या दिवशी तो चालू हवा. विदर्भात काढायचा तर काम नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या हाती. मुलाच्या अर्जाला आईबाप दोघांच्या सहीचं संमतीपत्र, म्हणजे परिशिष्ट 'डी', लागतं. आई तिकडे ड्युटीवर असेल तर तिची सही भारतीय उच्चायोगाकडून साक्षांकित करून आणावी लागते आणि त्यातच तीन-चार आठवडे सहज जातात. घाई असेल तर पासपोर्ट ब्रिटनमधूनच काढणं मला सोपं वाटतं.

अर्ज करताना डिपेंडंट ब्रिटनमध्ये असावा लागतो. गावात बसून मुदतवाढ भरता येत नाही. मुदत संपताना माणूस गावात असेल, तर भारतातून नव्यानं व्हिसा काढायचा: मान्यताप्राप्त केंद्रातून टीबीची तपासणी, मुंबईसारख्या शहरातल्या केंद्रात बोटांचे ठसे, सगळं पहिल्यापासून. पोराला आजीआजोबांकडे शाळेत ठेवून आईबाप तिकडे राहतात, त्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावं.

फॉर्ममध्ये डिपेंडंटनं बायकोच्या अर्जाचा क्रमांक टाकायचा असतो, म्हणून तिचा फॉर्म आधी भरा. हेल्थ अँड केअर व्हिसाबद्दलच्या प्रश्नाला प्रत्येक डिपेंडंटच्या फॉर्मवर 'हो' म्हणायचं. या एका उत्तरावर मोठी रक्कम अवलंबून आहे. एप्रिल 2025 च्या दरानं हेल्थ अँड केअरची फी तीन वर्षांपर्यंत माणशी 304 पौंड, त्यापुढे 590 होती. शिवाय आरोग्य अधिभार, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायची रक्कम, माफ. चुकून साध्या स्किल्ड वर्कर व्हिसाखाली भरलं तर त्याच दरानं फी 885 पौंड आणि वर अधिभार: मोठ्याला वर्षाला 1,035, मुलाला 776. तीन वर्षांचा हिशेब केला तर आमच्यासारख्या दोघांचा फरक साडेसहा हजार पौंडांच्या वर जातो. दर बदलत राहतात, भरायच्या दिवशी सरकारी साइटवर पाहून घ्या.

ब्रिटनमध्ये बारा महिने पूर्ण झाले असतील तर बँकेतली शिल्लक दाखवावी लागत नाही. झाले नसतील तर जोडीदारासाठी 285, पहिल्या मुलासाठी 315, पुढच्या प्रत्येक मुलासाठी 200 पौंड सलग 28 दिवस खात्यात हवेत. किंवा हॉस्पिटलनं सीओएसवर तशी हमी द्यावी. हमी डिपेंडंटलाही लागू आहे का, ते एचआरला स्पष्ट विचारा.

एकत्र राहतो याचा पुरावा म्हणून आम्ही कौन्सिल टॅक्सचं (तिथल्या घरपट्टीचं) बिल, दोघांच्या बँकेची पत्रं, जीपीचं म्हणजे फॅमिली डॉक्टरचं पत्र आणि मुलीच्या शाळेचं पत्र लावलं. एकाच महिन्यातली सहा पत्रं लावण्यापेक्षा वर्षभरात विखुरलेली चार बरी. शेतीच्या कामासाठी नवरा बरेच महिने गावाकडे राहिला असेल तर हा भाग कच्चा राहतो. मग तिकिटं आणि कारणाचं पत्र सोबत जोडा. पुढं कायम वास्तव्याच्या अर्जाला कोणत्याही बारा महिन्यांत 180 दिवसांपेक्षा जास्त गैरहजेरी चालत नाही, म्हणून पेरणी आणि काढणी दोन्हीला यायचं तर दिवस वहीत मांडून ठेवा.

केअर वर्कर म्हणून, म्हणजे म्हातारे-आजारी यांची देखभाल करायला, गेलेल्यांची गोष्ट निराळी. 11 मार्च 2024 पासून त्या कामावर नव्यानं गेलेल्यांना कुटुंब नेता येत नाही. त्याआधीपासून सलग त्याच मार्गावर असलेल्यांच्या कुटुंबाला मुदतवाढ मिळते. नोंदणीकृत नर्सला ही बंदी नाही.

अर्ज गेल्यावर ओळख पटवायची. कोणाला मोबाइल ॲप मिळतं, कोणाला केंद्रावर ठसे द्यायला बोलावतात. निर्णयाला साधारण आठ आठवडे. जुना व्हिसा मधेच संपला तरी वेळेत अर्ज केला असेल तर राहण्याचा आणि कामाचा हक्क तसाच चालू राहतो. नवरा नोकरी करत असेल तर त्याच्या मालकाला सरकारच्या एम्प्लॉयर चेकिंग सर्व्हिसकडून खात्री करून घ्यायला सांगा, नाहीतर तारीख उलटल्यावर ते घाबरून कामावरून थांबवतात.

या आठ आठवड्यांत देश सोडायचा नाही. सोडला तर अर्ज मागे घेतला असं धरतात. घरी लग्न ठरलेलं असेल, कोणी म्हातारं आजारी असेल, तर जाऊन या आणि मग अर्ज भरा. तेवढं थांबायला वेळच नसेल, तर 500 पौंड जादा भरून पाच कामाच्या दिवसांत निर्णय मागता येतो.

निर्णय ई-व्हिसावर, म्हणजे ऑनलाइन खात्यातल्या नोंदीवर येतो, पासपोर्टवर काही चिकटत नाही. तिघांच्याही ई-व्हिसाच्या खात्यात शिरून नाव, जन्मतारीख आणि शेवटची तारीख त्याच दिवशी तपासा. त्यानंतर कधीही नवा पासपोर्ट काढला तर त्याचा नंबर खात्यात घाला. तो जुनाच राहिला तर नागपूरहून मुंबई गाठल्यावर विमान कंपनीच्या काउंटरवर व्हिसा दिसत नाही.