वाय-फाय प्रिंटर सारखा ‘ऑफलाइन’ जात होता : माझा अनुभव

प्रिंटर ऑफलाइन दिसला की बहुतेक जण आधी ड्रायव्हर काढून पुन्हा टाकतात. नाशिकच्या शरणपूर रोडवरच्या आमच्या ऑफिसात मीही दोनदा तेच केलं. दोन्ही वेळा प्रिंट लगेच निघाली आणि दोन्ही वेळा तीन-चार दिवसांत प्रिंटर पुन्हा गायब झाला. ड्रायव्हर नव्याने टाकताना कॉम्प्युटर प्रिंटरला नव्याने शोधतो आणि त्याचा त्या दिवशीचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, लिहून घेतो, म्हणून तेवढ्यापुरतं काम भागतं. मूळ दुखणं तसंच राहतं.

आमच्याकडे चार कॉम्प्युटर, काळ्या-पांढऱ्या प्रिंटचा एक लेझर मल्टिफंक्शन, फायबरचा मोडेम आणि त्याला जोडलेला वेगळा राउटर आहे. जुलैत रिटर्नची घाई असते, तेव्हा प्रिंटर अर्धा तास बंद राहणंही परवडत नाही.

‘ऑफलाइन’ हा एकच शब्द विंडोज तीन वेगळ्या बिघाडांसाठी दाखवतं, हे आधी नीट समजून घ्यायला हवं. एक, प्रिंटर वाय-फायवरूनच तुटला आहे. दोन, तो वाय-फायवर आहे, पण त्याचा आयपी बदलला आहे. तीन, आयपी बरोबर आहे, पण कॉम्प्युटरमधलं पोर्ट (प्रिंट कुठे पाठवायची याची नोंद) किंवा प्रिंटची रांग अडकली आहे. तिन्हींचा उपाय वेगळा. कुठला बिघाड आहे हे ओळखायला दोन मिनिटं पुरतात.

आधी प्रिंटरवरचा वायरलेसचा दिवा बघा. बहुतेक मॉडेलमध्ये स्थिर दिवा म्हणजे जोडलेला आणि लुकलुकणारा म्हणजे नेटवर्क शोधतोय. मग प्रिंटरच्याच मेनूतून नेटवर्क कॉन्फिगरेशनचं पान छापा. त्यावर वाय-फायचं नाव, आयपी, मॅक ॲड्रेस (उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) आणि बहुधा सिग्नलची ताकदही असते. आयपी १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून प्रिंटरला पत्ता मिळालेलाच नाही, त्याने स्वतःच एक धरून ठेवला आहे. म्हणजे पहिला बिघाड. आयपी ठीक दिसत असेल तर कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडून तो पिंग करा, म्हणजे ‘पिंग’ लिहून पुढे तो आयपी द्या. चार उत्तरं आली की नेटवर्क शाबूत आहे आणि दोष कॉम्प्युटरच्या बाजूला आहे.

तिसरी कसोटी मला सगळ्यात उपयोगी वाटते. फोनवरून प्रिंट द्या. फोन प्रत्येक वेळी प्रिंटरला नावाने नव्याने शोधतो, कॉम्प्युटर मात्र अनेकदा जुना आयपी धरून बसलेला असतो. फोनवरून प्रिंट निघते आणि त्याच वेळी लॅपटॉपवर ऑफलाइन दिसतं, तर आयपी बदलला असण्याचीच शक्यता जास्त.

प्रिंटरच्या झाकणावर मी एक कागद चिकटवला. प्रत्येक वेळी वेळ, दिव्याची स्थिती, छापलेल्या पानावरचा आयपी आणि त्याआधी काय घडलं, एवढंच लिहायचं. दोन आठवड्यांत चित्र स्पष्ट झालं. बहुतेक नोंदी लाइट जाऊन आल्यानंतरच्या होत्या. नाशिकमध्ये जूनमध्ये वळवाचा वारा सुटला की दुपारी लाइट दोन-दोन मिनिटांसाठी जाते-येते, आणि तेवढा खंड आमच्या प्रिंटरला पुरेसा होता. एका नोंदीत छापलेल्या पानावर १९२.१६८.१.७ होतं आणि कॉम्प्युटरच्या पोर्टमध्ये १९२.१६८.१.५. त्या क्षणी पाचवर ऑफिसातला एक फोन बसला होता. कॉम्प्युटर प्रिंटचा मजकूर त्या फोनकडे पाठवत होता आणि अर्थातच उत्तर येत नव्हतं.

कारण असं. राउटर प्रत्येक उपकरणाला ठरावीक मुदतीसाठी आयपी देतो, अनेक राउटरमध्ये ती मुदत २४ तासांची असते. मुदत चालू असताना उपकरण तोच आयपी पुढे वाढवून घेतं. पण घरगुती राउटरपैकी काही ही यादी फक्त चालू मेमरीत ठेवतात. लाइट गेली की यादी पुसली जाते आणि मग आधी मागेल त्याला आधी मिळतो.

इथे मी एक चूक केली, ती अनेकांकडून होते. प्रिंटरच्या मेनूत जाऊन १९२.१६८.१.२० हा आयपी हाताने घातला. राउटर आपोआप वाटत होता तो पट्टा २ पासून २५४ पर्यंतचा, म्हणजे २० त्याच पट्ट्यातला. राउटरला ते माहीत नसल्याने एक दिवस त्याने तोच नंबर एका पाहुण्याच्या फोनला दिला. एकाच पत्त्यावर दोघं आले की प्रिंट कधी निघते, कधी नाही, आणि हा बिघाड शोधणं सगळ्यात कठीण. संशय आला तर पिंग केल्यावर लगेच ‘एआरपी’, एक जागा सोडून वजा चिन्ह आणि ए, ही कमांड द्या. त्या आयपीसमोर दिसणारा मॅक ॲड्रेस प्रिंटरच्या पानावरच्या मॅकशी जुळला नाही, तर तिथे दुसरंच कोणीतरी बसलंय.

बरोबर मार्ग म्हणजे आयपी राउटरमध्ये राखून ठेवणं. ब्राउझरमध्ये राउटरचं पान उघडा, डीएचसीपी (आयपी वाटपाच्या) विभागात ॲड्रेस रिझर्व्हेशन असतं. तिथे प्रिंटरचा मॅक आणि हवा तो आयपी घाला. मी वाटपाचा पट्टा १०० ते २०० केला आणि प्रिंटरला ५० नंबर दिला. काही राउटर राखीव आयपीही पट्ट्याच्या आतलाच मागतात. तसं असेल तर आतला द्या, काही बिघडत नाही, कारण राउटर तो दुसऱ्याला देत नाही. मग प्रिंटरमधली हाताने केलेली सेटिंग काढून ‘ऑटो’वर ठेवा आणि प्रिंटर बंद करून चालू करा. नवीन पान छापून ५० दिसतोय ना, याची खात्री करा.

आता कॉम्प्युटर. सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, प्रिंटर्स अँड स्कॅनर्स, आपला प्रिंटर, प्रिंटर प्रॉपर्टीज, पोर्ट्स. टिक केलेल्या पोर्टच्या नावात डब्ल्यूएसडी असेल तर विंडोजने प्रिंटर आपोआप शोधून जोडला आहे. ही सोय पहिल्या दिवशी छान वाटते, पण प्रिंटर झोपेत गेला किंवा शोधाशोधीचा संदेश हरवला की कॉम्प्युटर त्याला ऑफलाइन ठरवतो. ॲड पोर्ट दाबून स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट निवडा आणि राखीव आयपी घाला. हे चारही कॉम्प्युटरवर करावं लागतं. स्कॅनिंग डब्ल्यूएसडीवर चालत असेल तर ते डिव्हाइस काढू नका, फक्त प्रिंटचं पोर्ट बदला.

त्याच ठिकाणी कॉन्फिगर पोर्ट दाबलं की खाली ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ हा चौकोन दिसतो. विंडोज त्यावरून प्रिंटरची विचारपूस करतं आणि उत्तर आलं नाही की प्रिंटर चालू असूनही ऑफलाइन दाखवतं. एका लॅपटॉपवर बाकी सगळं झालं तरी त्रास चालूच होता, तो ही टिक काढल्यावर थांबला. प्रोटोकॉल रॉ आणि पोर्ट नंबर ९१०० तसेच राहू द्या.

लाइट गेल्यावरचा गोंधळ एवढ्याने बराच मिटला, पूर्ण नाही. मोडेम आणि राउटर सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात, प्रिंटर त्याआधीच उठतो, काही वेळ वाय-फाय शोधतो आणि आमचा तरी त्यानंतर गप्प बसतो. म्हणून राउटर आणि मोडेमला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावला. घेताना दोन्ही ॲडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा. १२ व्होल्टच्या उपकरणाला ९ व्होल्टचा यूपीएस चालत नाही, आणि दोन्ही मिळून जेवढे अँपिअर लागतात त्याहून यूपीएसची क्षमता जास्त हवी. लेझर प्रिंटर मात्र कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसवर कधीच लावू नका. त्याचा फ्यूझर (कागदावर छपाई पक्की करणारा गरम भाग) तापताना काही क्षण इतकी वीज ओढतो की यूपीएस ट्रिप होतो.

उरलेल्या नोंदींमध्ये लाइटचा संबंध नव्हता, तिथे सिग्नल कमी पडत होता. बरेच घरगुती प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. आमच्या राउटरवर २.४ आणि ५ या दोन्हींना एकच नाव होतं आणि राउटर उपकरणांना इकडून तिकडे ढकलत होता. दोन्हींची नावं वेगळी केली. वाय-फायच्या सुरक्षेची पद्धत डब्ल्यूपीए३ आणि २ अशी मिश्र होती, ती २.४ साठी फक्त डब्ल्यूपीए२ एईएस केली, कारण जुने प्रिंटर मिश्र मोडमध्ये अडखळतात. चॅनेल ‘ऑटो’वरून काढून १, ६, ११ यांपैकी सगळ्यात कमी गर्दीचं निवडलं, रुंदी २० मेगाहर्ट्झ. आपल्याकडे राउटर ऑटोवर असताना १२ किंवा १३ नंबरही निवडू शकतो, आणि अमेरिकन सेटिंगचा प्रिंटर ११ च्या पुढचं बघतच नाही. गर्दी बघायला फोनवरचं वाय-फाय ॲनालायझर पुरतं. कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या इमारतींमध्ये त्यात वीस-पंचवीस नावं सहज दिसतात.

प्रिंटरची जागाही बदलली. तो आरसीसी कॉलमच्या मागे, लोखंडी कपाटाला टेकून होता. तिथे फोनवर सिग्नलची ताकद उणे ७८ डीबीएम दिसत होती (उणे आकडा जितका लहान तितका सिग्नल चांगला). दीड मीटर पुढे टेबलावर तेच उणे ६१ झालं. उणे ६७ पर्यंत ठीक चालतं, ७५ च्या पलीकडे भरवसा नाही. पंचवटी किंवा जुन्या नाशकातल्या वाड्यांमध्ये दगडमातीच्या जाड भिंती असतात, तिथे जागा बदलून भागत नाही, राउटरच त्या खोलीत आणावा लागतो.

मोडेम आणि राउटर दोन्हींचं वाय-फाय चालू असेल तर एक गोष्ट नक्की तपासा. प्रिंटर मोडेमच्या वाय-फायवर आणि लॅपटॉप राउटरच्या वाय-फायवर असेल तर सिग्नल पूर्ण असूनही लॅपटॉपला तो आपोआप सापडत नाही. दोघांच्या आयपीत टिंबांनी वेगळे केलेल्या चार भागांपैकी पहिले तीन जुळायला हवेत. मोडेमचं वाय-फाय बंद केलेलं बरं. गेस्ट वाय-फायवर तर प्रिंटर जोडूच नका, तिथली उपकरणं बहुधा एकमेकांना दिसत नाहीत. नवा राउटर घेतलात तर त्याला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, म्हणजे प्रिंटर पुन्हा जोडायची बहुधा गरज पडत नाही.

नेटवर्क सुधारल्यावरही जुन्या प्रिंट रांगेत अडकून राहतात. सर्व्हिसेसमध्ये प्रिंट स्पूलर (प्रिंटची रांग सांभाळणारी सेवा) थांबवा, सी ड्राइव्हवर विंडोज, सिस्टिम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरमधल्या फाइल पुसा (फोल्डर पुसू नका) आणि स्पूलर पुन्हा सुरू करा. प्रिंटरच्या खिडकीत ‘यूज प्रिंटर ऑफलाइन’वर टिक असेल तर काढा.

माझं मत असं की जो प्रिंटर जागचा हलत नाही, त्याला लॅनचं (नेटवर्कच्या वायरचं) पोर्ट असेल तर सरळ कॅट-६ वायर टाकावी. आमच्या प्रिंटरला ते पोर्ट नाही, पुढचा घेताना बघूनच घेणार. वायर लावताना एक लक्षात ठेवा : बहुतेक प्रिंटरमध्ये लॅनचा मॅक वाय-फायच्या मॅकपेक्षा वेगळा असतो. राउटरमधली जुनी राखीव नोंद काढून नवा मॅक घातला नाही तर प्रिंटरला पुन्हा भलताच आयपी मिळतो.